थंडी दाराशी येण्यापूर्वी

नवी मुंबईसारख्या खाडीकाठच्या शहरात थंडीवर पहिल्या पानावर अग्रलेख लिहावा, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. तुंबलेले रस्ते, उन्हाळ्यातील पाण्याची ओढाताण, लोकलची गर्दी हे आपल्या नित्य परिचयाचे विषय आहेत. थंडी आपल्याकडे येते ती पाहुणी म्हणून, आणि पाहुणीचे व्हावे तसे तिचे कौतुक होते. कपाटाच्या तळाशी डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून राहिलेले स्वेटर बाहेर निघतात, पनवेलकडच्या शेतांवर पोपटीचे बेत ठरतात, चहाच्या टपरीवर दोन घटका अधिक रेंगाळावेसे वाटते. चार दिवसांनी पाहुणी निघून जाते आणि तिच्यामागून कोण कोण गेले, याची चौकशी कोणी करीत नाही. ती चौकशी करावी, आणि या वर्षी ती पाहुणी येण्याआधीच करावी, म्हणून आज आम्ही हा विषय येथे मांडीत आहोत.

प्रथम इतिहास पाहू. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत किमान तापमान ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. मुंबईच्या नोंदींतील तो आजवरचा नीचांक होय. त्याच वेळी कुलाब्याची नोंद ११.७ अंश होती. त्यानंतर ४६ वर्षे गेली आणि मुंबईत कडाक्याची थंडी पडत नाही अशी समजूत दृढ झाली. तेवढ्यात फेब्रुवारी २००८ मध्ये सांताक्रूझचा पारा ९.४ अंशांवर आला. डिसेंबर २०१५ मध्ये तो ११.४ वर उतरला आणि ९ डिसेंबर २०२४ रोजी १३.७ वर. या आकड्यांचा अर्थ उघड आहे. अशा रात्री वारंवार येत नाहीत, पण येतात खास. आणि दोन खेपांच्या मध्ये इतका काळ लोटतो की मागच्या खेपेचा धडा पुढच्या पिढीला कोणी सांगतच नाही.

नवी मुंबईच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. १९६२ च्या त्या रात्री हे शहर अस्तित्वातच नव्हते. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची आणि महानगरपालिकेची १ जानेवारी १९९२ ची. दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली, जुहूगाव येथील आगरी-कोळी घरांतून त्या गारठ्याची आठवण कदाचित कोणा वृद्धाच्या बोलण्यात निघत असेल. परंतु ज्या लाखो कुटुंबांनी पुढे येथे येऊन संसार थाटले, त्यांच्या नागरी स्मृतीत ती नाही. शिवाय भूगोलही ध्यानात घेतला पाहिजे. एकाच रात्री कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्या नोंदींत चार अंशांहून अधिक अंतर पडले, याचे कारण कुलाब्याला तिन्ही बाजूंनी समुद्राची ऊब आहे. नवी मुंबई त्या समुद्रापासून आणखी आत, खाडीपलीकडे, पारसिकच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसली आहे. निरभ्र रात्री डोंगरउतारावरची गार हवा जड होऊन खाली सरकते आणि सखल वस्तीत साचते. तेव्हा मुंबईच्या आकड्यावरून आपल्या रात्रीचा अंदाज बांधणारा माणूस फसण्याचाच संभव अधिक.

अशी थंडी अचानक येते, असे म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुतः तिचा प्रवास लांबचा असतो आणि तो डोळ्यांदेखत होतो. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ उत्तर भारतावर येतात, हिमालयात बर्फ टाकतात आणि पुढे सरकतात. त्यांच्या पाठीमागून उत्तरेचे कोरडे, गार वारे राजस्थान आणि गुजरात ओलांडून कोकणात उतरतात. दुपारी आपल्याला हात देणारा समुद्राचा वारा अशा दिवसांत दुबळा पडतो, आकाश स्वच्छ असते, हवेत ओलावा नसतो आणि सूर्यास्तानंतर जमीन आपली उष्णता भराभर आकाशात उधळून टाकते. या साऱ्याला काही दिवस लागतात. हवामान खाते पाच दिवसांचा जिल्हावार इशारा देते आणि हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांत तो सामान्य माणसालाही समजेल असा मांडते. म्हणजे थंडी आपली वर्दी देऊनच येते. ती वर्दी वाचून पुढची हालचाल करणारा कोणी आपण नेमलेला नाही, एवढेच.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. दिल्लीकर किंवा निफाडकर हसून म्हणेल, की बारा-तेरा अंशांना तुम्ही थंडी म्हणता? या हसण्याला उत्तर आहे, आणि ते शास्त्राने दिलेले आहे. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १३ देशांतील ३८४ ठिकाणच्या सात कोटींहून अधिक मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तापमानाशी निगडित असलेल्या मृत्यूंपैकी फार मोठा वाटा थंडीचा आढळला: एकूण मृत्यूंपैकी ७.२९ टक्के थंडीकडे, तर ०.४२ टक्के उष्णतेकडे. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की यांतील बहुसंख्य मृत्यू हाडे गोठविणाऱ्या थंडीने झालेले नव्हते. ते साध्या, मध्यम थंडीचे होते. शरीराला ज्या हवेची सवय असते तिच्यापासून ते किती दूर ढकलले गेले, यावर त्याची हानी अवलंबून असते. दिल्लीकराच्या घरात रजई असते, अंगात लोकर असते आणि डिसेंबर उजाडण्यापूर्वी त्याचे मनही तयार झालेले असते. आपली घरे वारा खेळावा म्हणून बांधलेली, आपले कपडे घाम सुकावा म्हणून शिवलेले. येथे तेरा अंशही पुरे होतात.

हा धडा याच परिसराने एकदा उलट्या बाजूने घेतलेला आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ माणसे दगावली. त्या दिवशीचा पारा ३८ अंशांच्या आसपास होता. चंद्रपूर-नागपूरच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु त्या माणसांना मारले ते आकड्याने नव्हे. उघड्यावर, सावलीविना, तासन् तास बसून राहण्याने मारले. उन्हाचे जे, तेच थंडीचे. फरक इतकाच की उन्हाने मरणारा माणूस त्याच दिवशी, लोकांच्या डोळ्यांसमोर कोसळतो. थंडीने जाणारा मनुष्य चार दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी जातो. गारठ्याने रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो, छातीतला कफ घट्ट होतो. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार किंवा न्यूमोनिया असे लिहिले जाते. थंडी हा शब्द त्यावर उमटत नाही, म्हणून ती निर्दोष सुटते आणि आपणही तिच्याबरोबर सुटतो.

मग या शहरात थंडीच्या तोंडी कोण आहे? उड्डाणपुलाखाली आणि रेल्वे स्थानकांच्या बाहेर निजणारी माणसे तर आहेतच. पण त्यांच्याखेरीजही अशी माणसे आहेत, की ज्यांच्यावाचून आपला एक दिवस चालत नाही. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात मध्यरात्रीपासून ट्रक रिकामे करणारा माथाडी कामगार घामाने भिजलेल्या अंगाने पहाटेच्या वाऱ्यात उभा असतो. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याला मजुरीचे संरक्षण दिले. वाऱ्यापासून संरक्षण देण्यास एक आडोसा आणि गरम चहा पुरतो. इमारतींच्या बांधकामावर पत्र्याच्या खोपटांत राहणारी मजुरांची कुटुंबे आहेत. पत्रा दिवसा तापतो तसा रात्री भराभर गार पडतो. आपल्या सोसायटीच्या फाटकाशी, दार नसलेल्या चौकीत, एका खुर्चीवर रात्र काढणारा पहारेकरी आहे. अंधारात झाडू घेऊन निघणाऱ्या सफाई कामगार स्त्रिया आहेत. आणि बंद दारांआड, मुले परदेशी असलेली एकाकी वृद्ध जोडपी आहेत, ज्यांच्या घरी सारे काही आहे, फक्त आज अंग जरा गार वाटते असे ज्याला सांगावे असे माणूस नाही.

या यादीत नवजात अर्भकाचे नाव आवर्जून घातले पाहिजे. कमी वजनाच्या बाळाला स्वतःची ऊब टिकविता येत नाही आणि त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीसारख्या कडक उन्हाच्या जिल्ह्यात, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची रीत घालून दिली. तिच्यात संसर्गावरील उपचारांच्या जोडीला बाळाला उबदार ठेवण्यालाही स्थान होते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. मोठी यंत्रे त्यासाठी लागली नाहीत. गावातल्या शिकलेल्या बायका, थोडे कापड आणि घरोघरची फेरी यांवर ते काम उभे राहिले. जे गडचिरोलीच्या गावाला साधले ते दिघ्याच्या वा तुर्भ्याच्या वस्तीत महापालिकेच्या आरोग्यसेविकांना का साधू नये?

आता शासनसंस्थेच्या कर्तव्याकडे वळू. २०१० च्या जानेवारीत, दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत एक रात्रनिवारा पाडण्यात आल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले आणि बेघरांच्या निवाऱ्याचा प्रश्न साऱ्या देशाचा झाला. प्रत्येक एक लाख शहरी लोकसंख्येमागे एक निवारा, तोही बारमाही आणि चोवीस तास उघडा, हा दंडक त्यातून पुढे आला. २०१३ साली केंद्राने आखलेल्या शहरी बेघरांच्या योजनेने दर निवाऱ्यात शंभर माणसांची सोय असावी, असे मापही घालून दिले. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीची लोकसंख्या ११ लाख २० हजारांच्या घरात होती. गणित शाळकरी मुलालाही सुटेल: जुन्या लोकसंख्येच्या हिशेबानेदेखील अकरा निवारे आणि अकराशे माणसांची सोय व्हावयास हवी. महापालिकेने आपल्या आठही विभाग कार्यालयांच्या दारावर, त्या त्या विभागातील निवाऱ्याचा पत्ता आणि रिकाम्या जागांचा आकडा ठळक अक्षरांत लावावा, अशी आमची मागणी आहे. ज्या विभागाच्या दारावर पाटी लागणार नाही, तेथील नागरिकांना पुढचा प्रश्न विचारणे सोपे जाईल.

निवारे उभे राहण्यास वेळ लागतो, हे आम्ही जाणतो. पण थंडीच्या चार-सहा रात्रींपुरती समाजमंदिरे, व्यायामशाळा आणि शाळांची सभागृहे उघडण्यास वेळ लागत नाही. त्यासाठी केवळ एक नियम लागतो. हवामान खात्याच्या निकषानुसार किनारपट्टीच्या ठिकाणी किमान तापमान १५ अंशांवर किंवा त्याखाली आले आणि ते सरासरीहून साडेचार अंशांनी घसरले, म्हणजे थंडीची लाट म्हणतात. जानेवारीतील आपली सरासरी सतराच्या आसपास धरली, तर पारा साडेबारापर्यंत उतरेतो लाट जाहीर व्हावयाची नाही. हवामानशास्त्राला हा निकष योग्यच आहे, परंतु उघड्यावर निजणाऱ्याला तो उशिराचा आहे. म्हणून आमची सूचना अशी, की पुढील दोन रात्रींचा अंदाज १४ अंश किंवा त्याखाली असेल, तर आयुक्तांच्या निराळ्या आदेशाची वाट न पाहता प्रत्येक विभागात एक सभागृह संध्याकाळी सातला उघडावे, तेथे सतरंज्या, घोंगड्या, पाणी आणि शौचालय असावे, आणि एक गाडी रात्री फिरून माणसांना सन्मानाने तेथे घेऊन यावे. अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्याचा तडाखा खाल्ल्यावर २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा तयार केला. त्याचे मर्म हेच होते, की कोणत्या आकड्याला कोणी कोणते काम करावयाचे, हे आधी ठरवून ठेवावे.

येथे एक अडचण खास आपली आहे. बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे जिल्ह्यात मोडते, तर खारघर, कामोठे, कळंबोली हा भाग रायगड जिल्ह्यात आणि २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेच्या कक्षेत. हवामानाचा इशारा मात्र जिल्ह्यावार निघतो. ठाणे जिल्ह्याच्या त्याच इशाऱ्यात मुरबाड-शहापूरचा डोंगराळ भागही येतो आणि वाशीची खाडीही. थंड वारा बेलापूरच्या टेकडीवरून खारघरला जाताना जिल्ह्याची हद्द पाहत नाही. दोन्ही महापालिका, सिडको आणि दोन्ही जिल्ह्यांचे आपत्ती निवारण कक्ष यांनी थंडी सुरू होण्यापूर्वी एकदा एकत्र बसून एकच आकडा आणि एकच कार्यक्रम ठरवावा. थंडीच्या लाटेचा समावेश केंद्राने २०१२ पासून आपत्ती मदतनिधीस पात्र असलेल्या आपत्तींत केलेला आहे. तेव्हा हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही, असे म्हणण्यास कोणालाही जागा नाही.

थंडीपेक्षाही वेगाने मारणारी एक वस्तू थंडीच्याच निमित्ताने घरात शिरते. ती म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दमन येथे केरळातील आठ पर्यटक, त्यांत लहान मुलेही, एका हॉटेलच्या खोलीत गॅसचा हीटर लावून निजले आणि पुन्हा उठले नाहीत. आपल्याकडे हा धोका दोन वाटांनी येतो: दारे-खिडक्या लावून खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी, आणि बंद न्हाणीघरात बसविलेला गॅसचा गीझर. गीझर न्हाणीघराबाहेर, खुल्या हवेच्या जागी असावा, त्याची धूर बाहेर नेणारी नळी शाबूत असावी, आणि आंघोळीच्या वेळी झरोका उघडा असावा. गार वारा आत येतो म्हणून जो झरोका आपण थंडीत बंद करतो, तोच नेमका उघडा ठेवावयाचा असतो. डोके दुखू लागले, मळमळ वा भोवळ आली, तर क्षणाचाही विलंब न लावता बाहेर मोकळ्या हवेत यावे. वस्त्यांमधून टायर आणि प्लास्टिक जाळून शेकोट्या पेटविल्या जातात, त्यांचा धूर थंडीच्या जड हवेत वर न जाता घराघरांत शिरतो. तेथे नुसती बंदी घालून भागणार नाही. ज्याला ऊब मिळाली आहे तोच शेकोटी विझवील.

सुशिक्षित मध्यमवर्गाला, म्हणजे आमच्या वाचकांना, आमचे सांगणे असे. आपण महापालिकेवर टीका करतो ती रास्तच करतो. पण आपल्या फाटकाच्या आत महापालिका येत नाही. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत पहारेकऱ्याच्या चौकीला दार लावण्याचा, त्याला एक कानटोपी, एक स्वेटर आणि एक जाड घोंगडी देण्याचा ठराव करावा. जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर एकटे राहणारे वृद्ध कोण, याची यादी करून सकाळी एकदा दार ठोठावण्याची जबाबदारी तरुणांनी वाटून घ्यावी. पहाटे पाचला फिरावयास जाणाऱ्या ज्येष्ठांनी थंडीचे ते आठ दिवस तरी ऊन पडल्यावर बाहेर पडावे. हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी तर हा नियम मोडूच नये. रक्तदाबाची औषधे संपण्यापूर्वी आणावीत. मद्याने ऊब येते हा समज खुळा आहे. त्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अंगची उष्णता उलट वेगाने निघून जाते. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असे राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्येच सांगितले आहे. ज्या शाळा काही कारणाने लवकर भरतात त्यांनी निदान अशा दिवसांत गणवेशावर कोणत्याही रंगाचा स्वेटर चालेल, एवढी सूट द्यावी. काकडणाऱ्या मुलाला स्वेटरच्या रंगावरून वर्गाबाहेर उभे करणारी शिस्त विद्येच्या मंदिरात शोभत नाही.

दानाविषयीही दोन शब्द स्पष्टपणे सांगितले पाहिजेत. दरवर्षी जानेवारी सरता सरता ब्लँकेटवाटपाचे समारंभ होतात, हार घातले जातात, छायाचित्रे निघतात. तोवर थंडीचा जोर बहुधा ओसरलेला असतो. याला वरातीमागून घोडे म्हणतात. वाटप करावयाचे तर ते डिसेंबर लागताच करावे आणि रात्री करावे, कारण कोण खरोखर उघड्यावर निजतो हे रात्रीच कळते. फाटके, मळके कपडे देऊन आपले कपाट रिकामे होते, दुसऱ्याचे अंग झाकले जात नाही. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर घालून गोधडी शिवीत, त्यात मोठे शहाणपण होते. थरांमध्ये कोंडलेली हवाच ऊब धरून ठेवते. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे बरे, आणि अंथरुणाखाली जमिनीचा गारवा तोडणारा एक थर सर्वांत आधी हवा. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याला वर्तमानपत्राच्या चार घड्याही जमिनीपासून वाचवितात. आमच्या श्रमाचा असा उपयोग झाला तर आम्हांला त्यात कमीपणा वाटणार नाही.

नवी मुंबई हे आखून, मापून, विचारपूर्वक वसविलेले शहर आहे, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. रस्ते किती रुंद, उद्याने किती अंतरावर, स्थानके कोठे, हे सारे येथे माणसे येण्यापूर्वी कागदावर ठरले. ज्या शहराचा जन्मच पूर्वतयारीतून झाला, त्याने चार थंड रात्रींची पूर्वतयारी करू नये, हे त्याच्या कुळाला साजेसे नाही. पुढचा उत्तरेचा वारा केव्हा निघेल, हे वेधशाळा आपल्याला पाच दिवस आधी सांगेल. त्या पाच दिवसांत सभागृहांच्या किल्ल्या कोणाच्या हाती असतील, गाडी कोण चालवील, घोंगड्या कोणत्या खोलीत ठेवलेल्या असतील, हे महापालिकेने या आठवड्यात ठरवून जाहीर करावे. आणि आपण नागरिकांनी आज रात्री निजण्यापूर्वी खाली उतरून, आपल्या फाटकावरचा माणूस काय पांघरून बसला आहे, एवढे पाहून यावे.